आगगाडीची धडधड : गोंगाट की संगीत?

स्टेशनात गाडी धडधडत शिरली की तुम्ही कानांवर हात ठेवता ना? फ्रेंच नभोवाणीतील एक इंजिनियर पिअर शेफर मात्र १९४८ साली मुद्दाम तो आवाज टिपायला पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात गेले. इंजिनांच्या शिट्ट्या, वाफेचे फुत्कार, रुळांवरचा खडखडाट त्यांनी तबकड्यांवर मुद्रित केला आणि त्यांतून सुमारे तीन मिनिटांची एक रचना केली. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती रेडिओवरून ऐकवली गेली. गायक नाही, वाद्य नाही. मग याला संगीत म्हणायचे काय?

पाठ्यपुस्तकातले उत्तर सोपे आहे : नियमित कंपने म्हणजे संगीत, अनियमित कंपने म्हणजे गोंगाट. पण भजनातली झांज आठवा. तिची कंपने सतारीच्या तारेसारखी शिस्तीत नसतात. तरी तिच्यावाचून भजन रंगत नाही! तेव्हा नुसत्या कंपनांवरून निवाडा होत नाही.

आता शेफर यांची युक्ती पाहा. तबकडीवरची खाच मध्याकडे वळत जाते. त्यांनी ती वर्तुळासारखी बंद केली. सुई तिथेच फिरत राहिली. तबकडीचे मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ०.७७ सेकंद. तेवढ्याच अंतराने तोच खडखडाट पुन्हा पुन्हा ऐकू आला आणि त्याला चक्क ठेका आला!

दुसऱ्या प्रयोगात त्यांनी घंटेच्या नादातून टोल्याचा पहिला क्षण कापून टाकला. मग ती घंटा वाटेचना. जणू कोणी फुंकून वाजवायचे वाद्य वाजवीत होते! आवाज कशाचा, हे ओळखताना कान त्या पहिल्या क्षणावर किती विसंबतो, ते यावरून कळते.

गंमत म्हणजे, १९८६ साली एका मुलाखतीत खुद्द शेफर यांनीच आपल्या या कामाला संगीत म्हणण्याबद्दल शंका घेतली. पण तोवर आवाज कापण्याची, जोडण्याची, फिरवत ठेवण्याची तंत्रे जगभरच्या संगीतकारांनी उचलली होती.

ध्वनी कसा आहे, हे विज्ञान मोजून सांगते. त्याला संगीत मानायचे की नाही, हे मात्र ऐकणाऱ्यानेच ठरवायचे. तुम्हीही करून पाहा. घरातल्या फोनवर कुकरच्या शिट्टीचा एक सेकंदाचा तुकडा मुद्रित करा, तो वीस वेळा जोडा आणि मित्राला ऐकवा. तो कान झाकतो, की पायाने ठेका धरतो?