थांबत थांबत चालणारे पाय

आमचे एक मामा राजकमल चौकातून अंबादेवीला पायी निघाले की वाटेत तीनदा उभे राहत. कधी दुकानाची पाटी वाचीत, कधी भाजीचा भाव विचारीत. घेत मात्र काही नसत. आम्ही हसायचो. शेवटी एकदा म्हणाले, "पोटरीत गोये येतात बापू. थांबलो का बरं वाटते, चाललो का पुन्हा तेच." घरच्यांनी निदान केले : वय झाले!

वयापेक्षा बिडीचा आणि मधुमेहाचा हात त्यात मोठा होता. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमनीत आतून मेदाचा थर चढतो. पाटात गाळ साचला की शेवटचा वाफा कोरडा राहतो, तशी पायाची गत होते. बसल्या जागी पोटरीला थोडे रक्त पुरते. चालताना अधिक हवे असते, ते पोचत नाही, म्हणून दुखते. पुढे रात्री पडल्या पडल्याही दुखते आणि बोटावरची जखम भरत नाही. मधुमेह्याला तर कधीकधी दुखतच नाही, एकदम जखमच दिसते. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून ताडून पाहिला तर ही गोष्ट पुष्कळ आधी कळते. घोट्याचा दाब दंडाच्या नऊ-दशांशाहून कमी भरला, तर वाट अरुंद झाली असे समजावे.

मामांचा अंगठा काळवंडू लागला, तेव्हा पाय कापण्याची भाषा निघाली. अशीच पाळी अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी ८२ वर्षांच्या एका बाईवर आली होती. तिने साफ नकार दिला. तेव्हा १६ जानेवारी १९६४ रोजी क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांनी धमनीतून तार सरकवून तिच्यावरून नळ्या घातल्या व वाट मोकळी केली. बाई आपल्या पायांनी चालली. १९७४ साली झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीच्या टोकाला फुगा बसवला. हृदयाची अँजिओप्लास्टी १९७७ ची. आधी मान पायाचा, हे आपण विसरतो!

मामांना नागपूरला नेले. जांघेत बधिर करून सुईएवढे छिद्र पाडले, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत फुगा अरुंद जागी नेला आणि फुगवला. कुठे कुठे जाळीची नळीही ठेवावी लागते. मामा शुद्धीत होते, डॉक्टरांशी बोलत होते. सगळ्यांनाच याची गरज नसते. पुष्कळांना तंबाखू सोडणे, औषधे आणि दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालणे एवढ्यानेच आराम पडतो. शिवाय उघडलेली वाट पुन्हा बुजू शकते, म्हणून मामांची बिडी डॉक्टरांनी आधी बंद केली.

अंगठा वाचला. अंबादेवीला जाताना मामा आता एकदाच थांबतात, भाजीवाल्यापाशी. आता मात्र भाजी घेतात.