इंजिन बसलं, पण गाडी ऐकेना!

येरमाळ्याच्या चौकात पाच मिनिटं उभं राहून बघा. सोलापूर-धुळे महामार्गावरची धावपळ, बार्शी आणि कळंबकडे वळणाऱ्या गाड्या, आणि चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत चुनखडी वेचायला येणाऱ्या माणसांनी गच्च भरलेल्या जीपा. इथं गाडी दारात शोभेला नसते, ती घर चालवते. म्हणून ती बंद पडली की घरातला आवाजही जरा खाली येतो.

समजा, तुमच्या घरी अशीच एक कॉमन रेल डिझेलची गाडी आहे. एक दिवस ती बसते. मेकॅनिक बोनेटमध्ये डोकं घालतो, बाहेर काढतो, हात पुसतो आणि म्हणतो, “मालक, इंजेक्टर गेलेत, पंप पण गेलाय. लई खर्च हाय. त्यापेक्षा जुनं डीआय इंजिन टाकू की! सेन्सर-बिन्सरची कटकटच नको.”

वडील तुमच्याकडे बघतात. आयटीआयला किंवा डिप्लोमाला आहात ना तुम्ही! आता काय सांगाल?

मेकॅनिक खोटं बोलत नाहीये, हे आधी मान्य करू. जुन्या डिझेल इंजिनाचा मेंदू त्याच्या पंपातच असतो. किती डिझेल सोडायचं ते आतला गव्हर्नर ठरवतो, तेही निव्वळ वजनं आणि स्प्रिंगांच्या जोरावर. असं इंजिन चालू ठेवायला बहुतेक वेळा एकच वायर पुरते, पंपावरच्या सोलेनॉइडची. करंट आला की डिझेलची वाट उघडी, गेला की बंद. त्यामुळे चेन-पुलीला लटकवून इंजिन खाली सोडलं, माउंटिंगला वेल्डिंग मारलं, सेल्फ मारला की धूर निघतो आणि सगळे टाळ्या वाजवतात.

खरी मजा नंतर सुरू होते. इंजिनाला काय लागतं हे सगळे विचारतात. गाडीला इंजिनाकडून काय हवं होतं, हे कुणी विचारतच नाही.

नव्या गाडीत पायाखालचं अॅक्सिलरेटर पेडल म्हणजे एक सेन्सर असतो. त्याला केबलच नसते, आणि जुन्या पंपाला तर केबलच हवी. आरपीएमचा काटा क्रँक सेन्सरचा आकडा संगणकाकडून घेतो, जुन्या इंजिनाला तो सेन्सर नाही, मग काटा शून्यावर. रेडिएटरचा पंखा कधी फिरवायचा हे बऱ्याच गाड्यांत संगणक ठरवतो. संगणक काढून टाकलात की पंखा शांत, आणि तापमानाचा काटाही शांत! घाट चढताना इंजिन उकळतंय हे तुम्हाला वाफ दिसल्यावर कळणार. म्हणून रेडिएटरला वेगळा थर्मल स्विच, वेगळा रिले आणि जुन्या इंजिनाचं स्वतःचं तापमानाचं मीटर हवंच. एसीचा क्लच, इमोबिलायझर, एबीएसचा दिवा या सगळ्यांचीही अशीच रडगाणी आहेत.

त्या एका सोलेनॉइडच्या वायरचंच बघा. ती चावीच्या कुठल्या पॉइंटवरून घेता, यावर सगळं अवलंबून. टेपच्या लाइनवरून घेतली तर सेल्फ मारताना ती लाइन तेवढ्यापुरती बंद होते. इंजिन फिरत राहतं, पण चालू होत नाही. लोक दोन दिवस पंप खोलून बसतात, आणि दोष असतो वायरमध्ये! उलट, कायम करंट असलेल्या लाइनवरून घेतली तर चावी काढून खिशात घाला, इंजिन आपलं चालूच. सेल्फ मारतानाही करंट टिकेल आणि चावी बंद केली की जाईल, असा पॉइंट टेस्ट लॅम्प लावून शोधावा लागतो.

माझं सगळ्यात आवडतं कोडं अल्टरनेटरचं आहे. जुन्या गाडीत बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा असायचा. तो नुसता इशारा देत नव्हता. त्या बल्बमधून जाणारा थोडासा करंट अल्टरनेटरच्या आतल्या कॉइलला पहिलं चुंबकत्व द्यायचा, तेव्हा कुठं चार्जिंग सुरू व्हायचं. नव्या मीटरमध्ये तिथं एलईडी असतो आणि तो बऱ्याचदा संगणकाच्या निरोपावर पेटतो. बल्ब नाही, म्हणून करंट नाही. मग होतं काय, रेस दिली तर चार्जिंग कसंबसं सुरू होतं, हळू चालवलं तर होतच नाही. दिवसा काहीच कळत नाही. रात्री हेडलाइट, वायपर, पंखा चालू असताना बॅटरी उतरते. आपण बॅटरीला शिव्या देतो, नवी आणतो, तीही उतरते. इलाज काय? त्या वायरमध्ये दोन-तीन वॅटचा साधा बल्ब! चहा-भज्यांच्या खर्चात होणारं काम, पण सर्किटची आकृती वाचता आली तरच सुचतं.

अर्थिंग तर सगळेच विसरतात. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. बॉडीपासून इंजिनापर्यंत जाड अर्थ पट्टी लावली नाही, तर सेल्फचा शेकडो अँपिअर करंट परतायला दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे अॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल. केबल तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, केबल अडकते. आता ही गाडी माणसांनी भरून घाटात आहे, असं डोळ्यासमोर आणा. वायरी पिळून वर टेप गुंडाळणं, बॅटरीजवळ फ्यूज न लावता लाइन ओढणं, हेही त्याच माळेतले मणी. गाडीला आग लागायला पेट्रोलच लागतं असं नाही.

ब्रेकचंही बघा, ते वायरिंगमध्ये येत नाही तरी सांगतो. अनेक डिझेल इंजिनांत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो. अल्टरनेटर बदलताना तो सुटला, तर ब्रेक दगडासारखा लागतो.

इतकं सगळं जमलं तरी प्रश्न उरतोच. आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाने करायचा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन बसवणं आणि एमएच-25 च्या आरटीओत त्याची नोंद करणं ही एक गोष्ट. बीएस-4 च्या गाडीत आधीच्या मानकाचं इंजिन घुसवणं ही सरळसरळ दुसरी गोष्ट. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तो नंबरच बघणार. तेव्हा वडिलांना सांगायचं उत्तर नावडतं आहे, पण तेच आहे: रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे करू नका. इंजेक्टर दुरुस्तीचा खर्च दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराची गोष्ट आठवते? भंगारातून त्यांनी किक मारून चालू होणारी चिमुकली चारचाकी बनवली आणि डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण त्याच दमात म्हटलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती थांबवली जाईल. बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी 2022 मध्ये ती दिलीही. कौतुक आणि नियम एकाच वाक्यात आले, हे मला त्या गोष्टीत सगळ्यात खरं वाटतं.

मग हात कुठं साफ करायचा? कॉलेजच्या टीममध्ये! कोइंबतूरच्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेसाठी विद्यार्थी स्वतः रेसिंग कार बनवतात. 710 सीसीपर्यंतचं इंजिन चालतं, म्हणून अनेक टीम आपल्या चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 चं इंजिन घेतात. बाइकचं इंजिन चारचाकीत टाकताना दुखणं तेच, फक्त उलट्या बाजूने. इंजिनाचा संगणक विचारतो, साइड स्टँड वर आहे का? क्लच दाबलाय का? गाडी आडवी तर पडली नाही ना? ज्या गाडीला साइड स्टँडच नाही, तिच्या संगणकाला तो वर आहे हे पटवून द्यावं लागतं. त्यासाठी सगळं वायरिंग टेबलावर पसरून एकेक वायर ओळखत बसावं लागतं, आणि चुकलात तर रस्त्यावर कुणी मरत नाही.

तेवढीही सोय नसेल तर भंगारातून एक अल्टरनेटर, एक सेल्फ आणि तुटकं मीटर आणा. दोन्ही गाड्यांच्या वायरिंगच्या आकृत्या मिळवा. कागदावर मधोमध रेघ मारा, डावीकडे इंजिनाला काय लागतं ते लिहा, उजवीकडे गाडी काय मागते ते. उजवी बाजू जवळजवळ नेहमी लांब निघते. एकही वायर कापण्याआधी प्रत्येकीला चिठ्ठी बांधा. आणि हो, बॅटरीची निगेटिव्ह आधी काढून ठेवा.