प्रोसेसर घेण्याआधी बोर्ड पाहा

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि वहीखात्यावर चालणाऱ्या आम्हा कापड दुकानदारांना कॉम्प्युटरकडे वळावे लागले. असोद्याला जळगाव जवळ, म्हणून खरेदी तेथूनच. त्या सुमारास बाजारात इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या जनरेशनचा माल होता. ते कॉम्प्युटर आजही टॅलीचे काम निमूटपणे करतात. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल बंद केली. नाव नोंदवणाऱ्यांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, एवढीच काय ती सवलत. आणि विंडोज ११ साठी, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर मान्य आहे.

मग व्यापारी बंधू म्हणतात, नुसता प्रोसेसर बदलून टाकू, दोन-चार हजारांत काम होईल. पैसे बुडतात ते इथेच.

सहाव्या-सातव्या जनरेशनच्या बोर्डावरील सॉकेटचे नाव एलजीए ११५१. आठव्या-नवव्याच्या सॉकेटचेही नाव तेच आणि पिनाही तितक्याच. प्रोसेसर जागेवर बरोबर बसतो, पण कॉम्प्युटर चालू होत नाही. कारण आठव्या जनरेशनच्या वेळी इंटेलने काही पिनांची वीजजोडणी बदलली आणि सोबत ३०० मालिकेचे नवे चिपसेट आणले. तुमचा बोर्ड एच ११० किंवा बी २५० असेल तर आठव्या जनरेशनचा प्रोसेसर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. पन्ना सारखा आहे एवढ्यावर आपण ताका उचलत नाही, सूत पाहतो. तसा येथे सॉकेटबरोबर चिपसेटही पाहावा. बोर्डाचे नाव बोर्डावरच छापलेले असते. ते घेऊन बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची प्रोसेसरची यादी तपासावी.

ज्यांच्याकडे एएमडीचा एएम४ सॉकेटचा बोर्ड आहे ते नशीबवान. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत सॉकेट एकच राहिले. पुष्कळ जुन्या बोर्डांवर नवा प्रोसेसर खरोखर चालतो. मात्र बायोस अपडेट करावे लागते, आणि तेही जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसशिवाय हे काम कोणाला करू देऊ नये.

इंटेलवाल्यांना बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही घ्यावे लागतील. तरी रॅम वाचू शकते. जुनी रॅम डीडीआर-४ असेल तर बाराव्या जनरेशनसाठी डीडीआर-४ चा एच ६१० बोर्ड मागून घ्यावा. त्याच नावाचे काही बोर्ड डीडीआर-५ चे असतात आणि त्यांत जुनी पट्टी बसतच नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, त्यामुळे ही बचत लहान नाही. दुकानदार ‘सेट’ गळ्यात मारू लागला तर आपली रॅम आपल्याकडेच ठेवावी.

जुना पंखा मात्र चालणार नाही. बाराव्या जनरेशनच्या एलजीए १७०० सॉकेटभोवतीच्या भोकांचे अंतर वेगळे आहे. खानदेशच्या मे महिन्यात ढिला बसवलेला पंखा परवडत नाही. एसएमपीएसमधून प्रोसेसरला जाणारी वायर चार पिनांची आहे की आठ, तेही बोर्डाशी जुळवावे. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड नसलेल्या दुकानात तो लावला तर पडदा काळाच राहील. एएमडीच्या ५००० मालिकेत उलट, ‘जी’ असलेलाच घ्यावा.

कॉम्प्युटरबरोबर आलेले विंडोजचे लायसन्स बहुधा त्या बोर्डाशी बांधलेले असते. बोर्ड बदलला की नवे घ्यावे लागू शकते, तो खर्च आधीच धरावा. हा सगळा हिशेब मांडून रक्कम मोठी वाटली आणि हार्डडिस्क जुन्या पद्धतीची असेल, तर तूर्त एसएसडी घालावी. टॅली उघडण्यातला फरक त्याच दिवशी दिसतो, आणि पुढे बोर्ड बदलला तरी ती एसएसडी नव्या बोर्डावर चालते. मात्र विंडोज ११ चा प्रश्न त्याने सुटत नाही.

काम मिस्त्रीकडे देण्यापूर्वी टॅलीच्या डेटाचे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावे. जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर असेल तर कॅबिनेट उघडायचे काम ती उलटल्यावरच काढावे.