गडचिरोलीच्या ६५० महिलांच्या तपासणीतून जगाला काय कळलं? डॉ. राणी बंग यांचा अभ्यास काय होता?

अंगावरून पांढरं जाणं, पाळीच्या वेळी असह्य दुखणं, सततची कंबरदुखी. ‘बाईच्या जातीला हे चालायचंच’ असं म्हणून घराघरांत हा विषय तिथेच संपतो. पण हे ‘चालायचंच’ नेमकं किती जणींच्या वाट्याला येतं? १९८०च्या दशकात गडचिरोलीत ते मोजलं गेलं.

कोण आहेत डॉ. राणी बंग?

मूळच्या चंद्रपूरच्या राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतल्यावर त्या पती डॉ. अभय बंग यांच्यासोबत गडचिरोलीत आल्या. चंद्रपूरमधून वेगळा होऊन १९८२ मध्ये तयार झालेला हा जंगलाचा जिल्हा. इथेच दोघांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली.

अभ्यास का करावा लागला?

तेव्हा खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच विचार होत असे. बाकी आजारांची आकडेवारी असायची ती दवाखान्यात आलेल्या महिलांची. पण ज्या दवाखान्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत, त्यांचं काय?

म्हणून तपासणी थेट गावात झाली. दोन गावांतल्या ६५० महिलांना त्रास विचारला गेला, शारीरिक तपासणी आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या झाल्या. निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

काय आढळलं?

• ९२ टक्के महिलांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता.
• एका महिलेमागे सरासरी ३.६ आजार होते.
• यातले निम्मे आजार जननमार्गातल्या जंतुसंसर्गाचे होते.
• याआधी तपासणी आणि उपचार मिळालेल्या महिला होत्या फक्त ८ टक्के.

आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. आपल्याला त्रास आहे, असं सांगणाऱ्या महिला ५५ टक्के होत्या. म्हणजे किमान ३७ टक्के महिला आजारी असूनही त्यांची काहीच तक्रार नव्हती. दुखणं रोजचंच झालं की ते दुखणं वाटेनासं होतं.

याचं महत्त्व काय?

खेड्यातल्या बाईचे आजार बाळंतपणापुरते नसतात, हे या अभ्यासाने आकड्यांत दाखवलं. पुढे १९९४ मध्ये कैरोत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या परिषदेत प्रजनन आरोग्य हा महिलांच्या हक्काचा मुद्दा म्हणून मांडला गेला. राणी बंग यांनी महिलांच्या आरोग्यावर ‘कानोसा’ हे पुस्तकही लिहिलं. २०१८ मध्ये बंग दांपत्याला पद्मश्री मिळाली.

आजचं काय?

‘आमच्याकडे अशा केसेस येतच नाहीत’ हे वाक्य आजही ऐकू येतं. केसेस येत नाहीत म्हणजे आजार नाहीत, असं नसतं. तपासणारी डॉक्टर जवळ नसेल, घरात विषय काढायची सोय नसेल, तर बाई गप्प राहते. आणि जे कुणी विचारतच नाही, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.