डोलकाठीला ठोकलेलं निशाण

‘नेल युवर कलर्स टू द मास्ट’ म्हणजे आपली बाजू उघड घेऊन तिच्यापासून तसूभरही न हटणं. या इंग्रजी वाक्प्रचारामागे आरमारी रिवाज आहे. लढाईत जहाजाने निशाण उतरवलं की ते शरण आलं, असं समजत. खिळ्यांनी ठोकलेलं निशाण उतरवणार कसं? परतीचे दोरच कापलेले!

या वाक्प्रचाराशी जॅक क्रॉफर्ड या संडरलंडच्या खलाशाचं नाव जोडलं जातं. ११ ऑक्टोबर १७९७ रोजी कॅम्परडाउनच्या लढाईत डच तोफांच्या माऱ्याने अ‍ॅडमिरल डंकनच्या ‘व्हेनरेबल’ जहाजाच्या डोलकाठीचा शेंडा मोडला आणि निशाण खाली आलं. बावीस वर्षांचा जॅक भर माऱ्यात वर चढला, त्याने ते पुन्हा ठोकलं. इंग्रज जिंकले. पुढे १८३१ मध्ये तो कॉलऱ्याने गेला. मोब्रे पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहायला १८९० उजाडलं. फार उशीर झाला.

ठोकलेलं निशाण ही धैर्याची खूण; इंग्रजीत भित्रेपणाची खूण मात्र पांढरं पीस. झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटीत ते दिसलं की तो कमअस्सल मानत. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडमध्ये काही बायका साध्या कपड्यांतल्या तरुणांच्या हातात अशी पिसं ठेवू लागल्या. रजेवर आलेल्या सैनिकांनाही ती मिळाली, हा निव्वळ अन्याय होता.