११.५० आणि ११.५१

पोलीस भरतीच्या ग्राउंडला मुलाने शंभर मीटर ११.५० सेकंदांत मारलं, तर १५ गुण. ११.५१ लागले की १२. तीन गुण गेले, आणि अंतर म्हणाल तर जेमतेम नऊ सेंटिमीटर! बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात पहाटे अंधारात पळायला उतरणारी पोरं या नऊ सेंटिमीटरसाठी घाम गाळतात.

त्यांचं टायमिंग बहुतेकदा हातातल्या स्टॉपवॉचवरच घेतलं जातं. शिट्टीचा आवाज शंभर मीटरवर उभ्या सरांच्या कानावर पडायलाच ०.२९ सेकंद लागतात. आवाजाऐवजी पिस्तुलाचा धूर बघून बटण दाबलं, तरी हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवायचे, असा ॲथलेटिक्समधला रिवाज आहे. म्हणजे सरावात ११.३० बघून खूश झालेला मुलगा खरं तर ११.५४ ला पोचलेला असतो. त्याच्या मेहनतीत खोट नाही, मोजमापात आहे.

बुटाच्या लेसला अडकवायचा वायरलेस सेन्सर इथे कामाला येतो. प्रवेगाचे तीन आणि फिरण्याचे तीन, असे सहा आकडे तो सेकंदाला हजार वेळा टिपू शकतो. साडेअकरा सेकंदांत एका पायाचे ६९,०००, दोन्ही पायांचे १,३८,००० आकडे! पूर्ण वेगात पाऊल जमिनीला टेकतं ते सेकंदाचा जेमतेम दहावा भाग; तेवढ्यात सहाशे नोंदी होतात. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित जास्त रेंगाळतोय, हे कितीही अनुभवी डोळ्याला दिसणार नाही, यात दिसतं.

उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांच्या विक्रमात ४१ पावलं टाकली. आपल्या मुलाची पन्नास धरा. बाकी सगळं तसंच राहून प्रत्येक पाऊल सेकंदाच्या दोन सहस्रांशाने लवकर उचललं गेलं, तरी पन्नास पावलांत ०.१० सेकंद वाचतो. जवळपास नव्वद सेंटिमीटर!

सेन्सरचं घड्याळही चुकतं, बरं का. दहा लाखांत वीस भागांची चूक म्हणजे तासाभरात ०.०७२ सेकंद, धावेच्या वेगात साठ-पासष्ट सेंटिमीटर. म्हणून प्रत्येक धावेआधी सगळी घड्याळं रेडिओ संदेशाने जुळवून घ्यावीत. त्यात वेळ जात नाही: ती लहर शंभर मीटर जाते सेकंदाच्या तीस लाखाव्या भागात, शिट्टीच्या पावणेनऊ लाख पट वेगाने.