हाक मारल्यावर येणारी बस

भारमान हा एसटीच्या आगारातला रोजचा शब्द. गाडीतली किती आसने भरली, त्याची टक्केवारी म्हणजे भारमान. ते घसरत गेले की फेरी तोट्याची ठरते आणि बहुधा पहिली कुऱ्हाड दुपारच्या फेरीवर पडते. मग प्रश्न येतो : रिकामी गाडी ठरलेल्या वेळी फिरवण्यापेक्षा, कुणी बोलावले तरच ती पाठवली तर? या प्रश्नाचा माग काढताना मी इंग्लंडच्या पूर्वेकडील लिंकनशर परगण्यापाशी पोचलो.

१९८५च्या कायद्याने, १९८६च्या ऑक्टोबरपासून, लंडनबाहेरची बससेवा तिथे खासगी कंपन्यांसाठी खुली झाली. फायद्याचे मार्ग कंपन्यांनी निवडावेत आणि न परवडणाऱ्या पण गरजेच्या फेऱ्या स्थानिक परिषदेने निविदा काढून विकत घ्याव्यात, अशी ही रचना. लिंकनशर म्हणजे सपाट शेतजमीन आणि विखुरलेली खेडी. तिथल्या परिषदेने २००१मध्ये 'कॉलकनेक्ट' सुरू केली. प्रवासी आधी फोन करून किंवा इंटरनेटवरून जागा राखून ठेवतो. आलेल्या मागण्या संगणक एकत्र गुंफतो आणि छोट्या बसचा त्या दिवसाचा मार्ग ठरतो. ही बस आडगावातून माणसे आणून मोठ्या रस्त्यावरच्या ठरलेल्या वेळेच्या बसला जोडून देते. म्हणजे मुख्य मार्गावरची नियमित गाडी आधी हवी, तरच हाकेच्या गाडीला अर्थ.

ही सेवा स्वस्त पडते, असा माझाही समज होता. साधा हिशेब केल्यावर तो गेला. समजा, प्रत्येक प्रवाशासाठी वेगळ्या वस्तीवर वळायला दहा मिनिटे लागतात. मग गाडीत सोळा आसने असोत की चाळीस, तासाला सहाच माणसे घेता येतील. इथे खरी टंचाई मिनिटांची असते, आसनांची नव्हे. एकाच थांब्यावर चाळीस जण उभे असतील तर साध्या बसला मात्र तेवढ्याच वेळात सगळे घेता येतात. शिवाय मागणी वाढली की वळसे वाढतात, आधी बसलेल्यांचा प्रवास लांबतो, किंवा नव्यांना नकार द्यावा लागतो. हेलसिंकी शहरातली 'कुत्सुप्लुस' ही अशीच सेवा २०१२मध्ये सुरू झाली. प्रवासी वाढत होते, तरी खर्च न पेलल्याने २०१५च्या अखेरीस ती थांबली. ब्रिटिश सरकारने २०२१मध्ये ग्रामीण भागातल्या अशा १७ योजनांसाठी दोन कोटी पौंडांचा निधी दिला, तो उगाच नाही.

आपल्याकडे मागणीनुसार धावणारी गाडी आधीपासून आहे : वडाप. पण ती भरल्याशिवाय हलत नाही. रिकाम्या आसनाचा भार तिथे कुणीच उचलत नाही, म्हणून भर दुपारी एकट्या रुग्णासाठी ती वाडीवर येत नाही. उलट, सकाळी शाळेला निघालेल्या तीस-चाळीस मुलींना हाकेची गाडी निरुपयोगी आहे. त्यांना वेळेवर येणारी मोठी एसटीच हवी. बाजाराच्या दिवशीही तेच. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ नियमित फेरी आणि मधल्या वेळेत हाकेची छोटी गाडी, अशी वाटणी मला व्यवहार्य वाटते. मात्र जागा राखायला साधा फोन चालला पाहिजे. केवळ अॅपवर भिस्त ठेवली, तर ज्या म्हातारीसाठी गाडी सुरू केली तीच बाहेर राहील.

या व्यवस्थेतली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. भारमानात फक्त गाडीत चढलेल्यांची मोजदाद होते; दवाखान्यात जायचे राहून गेलेल्या माणसाची कुठेच नोंद नसते. हाकेच्या गाडीच्या वहीत नाकारलेली मागणीही लिहून ठेवता येते. तोट्याची म्हणून एखादी फेरी बंद करण्याआधी वर्षभर अशी वही ठेवली, तर त्या वाडीला गाडी किती लागते, याचे उत्तर आगाराला प्रथमच कागदावर दिसेल.